संत्र्याचे भजे, सावजी अंडाबोंडा आणि तळलेलं आईस्क्रीम: लक्ष्मीनगरकडचा एक गाडा

मागच्या शनिवारी काटोलहून मामा आले, सोबत संत्र्याची एक क्रेट, आणि संध्याकाळ झाली तशी पोरगी मागे लागली की आई आज संत्र्याच्या भज्याच्या गाड्यावर जायचंच. मामांची संत्र्याची बाग आहे, सगळं आयुष्य त्या झाडांत गेलं, त्यांनी हे ऐकलं आणि हातातला चहा खाली ठेवला. "काऊन वं, संत्रा काय तळाची गोष्ट आहे काय?" म्हटलं मामा तुम्ही चला तर, खाऊन पाहा, मग बोला. मी स्वतः त्याआधी दोनदा जाऊन आले होते, तिसऱ्यांदा मामांना घेऊन गेले, म्हणून आता जे लिहिते आहे ते तीन चकरांचं मिळून आहे.

गाडा नागपुरात लक्ष्मीनगरच्या आठ रस्ता चौकाकडून बजाजनगरकडे जाताना आतल्या गल्लीत लागतो. वर काही बोर्ड नाही, नाव नाही, एक पिवळा बल्ब आणि तीन कढया, हीच खूण. नवरा-बायको दोघं चालवतात, तो तळतो, ती घोळ भिजवते आणि पैसे घेते. तेव्हा विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचे दिवस असल्याने वर्धा रोडकडून यायला फार वेळ लागला, गाडी लांबच ठेवावी लागली, पण थंडी एवढी होती की कढईजवळ उभं राहायला बरंच वाटत होतं.

आधी संत्र्याचे भजे, कारण सगळे त्यासाठीच येतात. ऐंशी रुपयांत सहा, पळसाच्या पानाच्या द्रोणात. मला आधी वाटायचं की फोड बेसनात बुडवली आणि सोडली तेलात, एवढंच असेल. तसं नाही. फोड म्हणजे पाण्याची पिशवी, तिला जरा जरी छेद असला तर गरम तेलात फुटते आणि तेल अंगावर उडतं. घरी मी एकदा करून पाहिले होते, पहिल्याच घाण्यात दोन फुटले आणि मनगटावर फोड आला. हे भाऊ काय करतात, दुपारीच संत्रे सोलून, वरचे पांढरे धागे हाताने काढून, फोडी सुती कापडावर पंख्याखाली तास-दीड तास वाळवतात. वरची पातळ साल कागदासारखी कोरडी होते, बोट लावलं की कुरकुर आवाज येतो, आतला रस मात्र तसाच राहतो. मग कोरड्या तांदळाच्या पिठीत घोळवायची, म्हणजे बेसन घट्ट धरतं, मग पातळ घोळात बुडवून तेलात, आणि वेळ अर्धा मिनिट, जास्त नाही. घोळात ओवा, हळद, तिखट, आणि वरून काळं मीठ व भाजलेल्या जिऱ्याची पूड.

चावल्यावर आधी कुरकुरीत, मग बेसनाचा खमंगपणा, आणि मग एकदम गरम आंबटगोड रस तोंडात येतो. पहिला घास लहान घ्या, जीभ भाजते. बेसनाला आंबट लागतंच, आपण भज्यांसोबत कढी खातो, चिंचेची चटणी खातो, इथे ते आंबट भज्याच्या आतच आहे, म्हणून हा पदार्थ जमतो. एक तक्रार आहे, बिया. नागपुरी संत्र्याला सहसा बी असतेच आणि बी काढायची म्हणजे फोडीला चिरा द्यायला लागतो, म्हणून ते बिया ठेवतात. लहान पोरांना आधी सांगून ठेवा. माझ्या पोरीनं बी चावली आणि कडवट लागलं म्हणून अर्धं भजं मला दिलं.

मामांचं सांगते. पहिला खाल्ला, काही बोलले नाहीत. दुसरा खाल्ला. तिसरा हातात घेऊन त्यांनी भाऊंना विचारलं की संत्रा कुठला, आणि मग दोघांचं सुरू झालं. मामा म्हणे, "हा आंबिया आहे, आता संपत आला, तुम्ही फेब्रुवारीत मृगाचा वापरून पाहा, गोडी जास्त, तळल्यावर आणखी खुलते." भाऊ म्हणे, "काकाजी, मृगाचा मिळते पण भाव परवडत नाही." मग भाव, मग मंडी, मग यंदाचा पाऊस. नागपूरच्या संत्र्याला २०१४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला हे सगळ्यांना माहीत असतं, पण आंबिया नि मृग हे दोन बहार, म्हणजे संत्र्याची वर्षातली दोन पिकं, वेगळे हे शहरातल्या किती जणांना माहीत असतं, मला तरी लग्नानंतर या मामांमुळेच कळलं. गाड्यावर उभं राहून त्या दोघांचं बोलणं ऐकायला मला फार छान वाटलं.

आता माझा आवडता, सावजी (नागपूरकडची तिखट मसाल्याची पद्धत) अंडाबोंडा, पन्नास रुपयाला एक. उकडलेलं अंडं उभं कापून पिवळा बलक काढायचा, तो सावजी मसाल्यात परतायचा, परत आत भरायचा, दोन्ही भाग जोडायचे, आणि मग बेसनात बुडवून तळायचं. मसाला त्यांच्या बायकोचा, तिचं माहेर नागपूरच्या महाल भागातलं, घरात सावजी करायचेच. भाजलेली खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, आणि परतायला जवसाचं तेल. जवसाच्या तेलाचा तो थोडा उग्र वास पहिल्यांदा खाणाऱ्याला खटकतो, पण ज्यांनी हलबा कोष्टी या विणकर समाजाच्या घरातलं सावजी जेवण जेवलं आहे त्यांना तो लगेच ओळखू येईल. तिखट आहे, खरंच तिखट, पण नुसतं जाळणारं नाही, घशाशी मसाल्याची चव राहते. सोबत तर्रीची, म्हणजे झणझणीत तेलकट रश्श्याची, छोटी वाटी मागून घ्या, पैसे लागत नाहीत, बोंडा मधोमध फोडून त्यावर तर्री सोडा, बेसनाचं कवच जरा भिजू द्या आणि मग खा. पहिल्यांदा मी कोरडाच खाल्ला होता, तसाही चांगला लागतो, पण तर्रीत भिजवून वेगळंच काहीतरी होतं.

याला लोक विचित्र कॉम्बिनेशन म्हणतात तर मला खरंच कळत नाही का म्हणतात. आपण रोज सकाळी पोह्यावर चण्याची झणझणीत तर्री ओततो, त्यावर चिवडा टाकतो, वर कांदा. घरी वडा-भात करतो तेव्हा डाळीचे वडे भातावर चुरून वरून मोहरी-लसणाची तेलाची फोडणी घेतो. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं तर तो आधी बघतच राहतो. आपल्या जेवणात हे सगळं आधीपासून आहे, फक्त त्यात विचार आहे, कोरड्याला ओलं, सौम्याला तिखट, मऊला कुरकुरीत. जिथे हा विचार आहे तिथे हा गाडा मस्त आहे, आणि जिथे नाही तिथे फसतो.

आणि फसतो कुठे तर चीज सांबारवडीत (सांबार म्हणजे आपल्याकडे कोथिंबीर). हे लिहिताना मला वाईट वाटतं कारण सांबारवडी हा माझ्या जिव्हाळ्याचा पदार्थ आहे. हिवाळ्यात सांबार स्वस्त झाला की आई पुडाच्या वड्या करायची, आम्ही बहिणी बसून सांबार निवडायचो, आणि ती खसखस, खोबरं, तीळ, चारोळी घालून सारण परतायची, पारीला आतून चिंच-गुळाचा मसाला लावायची आणि पुडीसारखी घडी घालायची. त्या वडीत एवढं सगळं आहे की आणखी काही घालायला जागाच नाही. इथे त्यात चीजचा तुकडा घालतात. गरम असताना तार निघते, फोटोला चांगली दिसते, पोरं खूश होतात, पण चीजच्या खारट चिकटपणात खसखस हरवते, चारोळी हरवते, सांबार तर नुसता हिरवा दिसायला उरतो. वर चीज वितळून घडीतून बाहेर येतं, तेलात जळतं, आणि त्याचे काळे कण पुढच्या घाण्याला लागतात. मी भाऊंना सरळ सांगितलं की भाऊ साधी ठेवा, मी साधीचे सत्तर रुपये आनंदानं देईन. ते म्हणाले, "ताई, साधी मागतात पण पोरं चीजवालीच घेतात." त्यांचं दुकान आहे, मला समजतं, पण मला पटलं नाही.

तळलेलं आईस्क्रीम नव्वद रुपये. हे कसं होतं ते पोरीला समजावून सांगता सांगता मलाच मजा आली. व्हॅनिलाचा गोळा ब्रेडच्या स्लाइसमध्ये गुंडाळून, टोस्टच्या जाड चुऱ्यात घोळवून, रात्रभर डीप फ्रीजरमध्ये दगडासारखा कडक करतात. ब्रेडच्या छिद्रांत हवा असते, हवेतून उष्णता पटकन आत जात नाही, म्हणून साधारण १८० डिग्रीच्या तेलात दहा-पंधरा सेकंद टाकला तर वरचं लाल होतं आणि आतलं वितळायला वेळच मिळत नाही. वरून हे लोक चॉकलेट सॉस न घालता संत्रा बर्फी कुस्करून घालतात आणि चिमूटभर मीठ. गरम कवच, आत थंडगार, आणि बर्फीचा तो ओळखीचा वास. माझी प्लेट एकदम बरोबर होती. पोरीचा गोळा मात्र बाहेर थोडा वेळ राहिला होता, चमचा लावल्याबरोबर सगळं पातळ दूध वाहून गेलं. न बोलता दुसरा करून दिला, पण फ्रीजर छोटा आहे, गर्दी असली की असं होणार, म्हणून हे खायचं असेल तर सात वाजेच्या आत जा.

ओरिओचे भजे पण आहेत, चाळीसला तीन, गोड मैद्याच्या घोळात. बिस्कीट आत केकसारखं मऊ होतं. बस, त्यात बाकी काही नाही. माझा भाचा सोबत होता, तो सांगत होता की स्कॉटलंडमध्ये मार्स चॉकलेट तळतात आणि टेक्सासच्या जत्रेत २००६ मध्ये एकानं कोका-कोला तळला होता, म्हणजे कोला घातलेल्या पिठाचे गोळे तळून वर कोलाचंच सिरप, आणि त्याच माणसानं २००९ मध्ये लोणी तळलं. मामा म्हणाले, "लोणी तळायचं कायले, कढवायचं असते."

आता तेलाचं बोलते, कारण माझ्यासाठी गाड्याची खरी परीक्षा तीच. मागच्या वर्षी शहरातल्या दुसऱ्या एका ठिकाणी, नाव घेत नाही, अशाच नव्या पदार्थांची जाहिरात पाहून आम्ही गेलो होतो. कढईतलं तेल काळं, वर फेस बसतच नव्हता, धूर डोळ्यात जात होता, आणि तरी मी पोरीला खाऊ दिलं. रात्रभर तिला उलट्या झाल्या, दोन दिवस शाळा बुडाली. त्याचं मला अजूनही मनाला लागून आहे. तेव्हापासून मी आधी कढईत पाहते आणि मगच ऑर्डर देते. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात पोलर कंपाउंड नावाची द्रव्यं वाढत जातात, आणि एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम आहे, १ जुलै २०१८ पासून लागू, की ती २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल खाण्याला वापरायचं नाही. गाड्यावर मीटर कोण आणणार, पण डोळ्याला दिसतं ना, तेल घट्ट झालेलं, फेस, वास. इथे मी तिन्ही वेळा पाहिलं, तेल सोनेरी, तळ दिसतो, प्रत्येक घाण्यानंतर झाऱ्यानं चुरा काढतात, आणि एकदा माझ्यासमोर पाच वाजता नवा डबा फोडला. फल्ली तेल, म्हणजे शेंगदाण्याचं. तीन कढया आहेत त्यांतली एक फक्त गोडाची, एक शाकाहारी तिखटाची, आणि अंड्याची छोटी कढई बाजूला वेगळ्या शेगडीवर, झारासुद्धा वेगळा. माझी सासू अंडं खात नाही, तिला मी पुढच्या वेळी बिनधास्त नेणार आहे.

पेपरात बांधून देत नाहीत ही पण मोठी गोष्ट, सगळं द्रोणात. पार्सल मागू नका, संत्र्याचं भजं दहा मिनिटांत मऊ पडतं, आतला रस बाहेर यायला लागतो. बसायला जागा नाही, वयस्क माणूस सोबत असेल तर गाडीतला स्टूल वगैरे घेऊन जा, मामांचे गुडघे दुखत होते, त्यांना शेजारच्या किराणावाल्यानं खुर्ची दिली. सोमवारी बंद. पाण्याची सोय नाही, घरून बाटली न्या, अंडाबोंडा खाल्ल्यावर लागतेच.

चौघांचे मिळून पाचशे ऐंशी झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठून बाहेर आले तर डायनिंग टेबलवर माझा सुती दुपट्टा अंथरलेला, त्यावर एका रांगेत सोललेल्या फोडी, पंखा फुल, आणि मामा स्वेटरवर शाल पांघरून खुर्चीत बसलेले. म्हणाले, "पंखा बंद नको करू, अजून अर्धा तास लागते."