‘मेल मेलं की ओ!’ पोस्टफिक्स, डवकॉट आणि क्लॅमएव्हीसोबतचे अकरा महिने

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी खरेदी बघतो. ‘याला कम्प्युटरमधलं कळतं’ असा शिक्का बसल्यामुळे मेल सर्व्हरही माझ्याच गळ्यात आहे. एकूण ३८ मेलबॉक्स. दर मेलबॉक्समागे महिन्याचं भाडं मालकांच्या डोळ्यांत खुपायला लागलं, म्हणून २ जीबी रॅमचा व्हीपीएस (इंटरनेटवर भाड्याने मिळणारा सर्व्हर) घेतला. त्यावर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार), मेलची ने-आण करायला पोस्टफिक्स, पेट्या सांभाळायला डवकॉट आणि व्हायरस तपासायला क्लॅमएव्ही असं बसवलं. अकरा महिने झाले, आता मत द्यायला हरकत नाही.

पहिले तीन आठवडे निवांत गेले. मग एके दुपारी डिस्पॅचचे काका दारात उभे: “ओ, मेल मेलं की!” हा विनोद त्यांनी पुढे इतक्या वेळा केला की ऑफिसात कुणी हसेनासं झालं. मेल पाठवायला गेलं की ‘४५१ सर्व्हिस अनअव्हेलेबल, ट्राय अगेन लेटर’ असा संदेश येत होता. मी सर्व्हर रीस्टार्ट केला, सुरू झाला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा रीस्टार्ट. शेवटी कंटाळून रोज पहाटे आपोआप रीस्टार्ट होईल असा क्रॉन (ठरल्या वेळी चालणारी आज्ञा) लावला आणि आपण फार हुशार आहोत असं आठवडाभर वाटत राहिलं. पहाटेचा रीस्टार्ट होत होता, तरी मेल दुपारी मरायचं ते मरतच होतं.

सुगावा लागला तो वहीतून. काकांची तक्रार कधी आली ते मी एका जुन्या चलनवहीच्या मागे टिपत होतो. नोंदी बघितल्या तर सगळ्या दोन ते तीनच्या दरम्यानच्या. पण जेवणानंतर आमच्याकडे मेलची गर्दी नसतेच, गर्दी असते सकाळी दहाला. म्हणजे ताण मेलचा नव्हता, घड्याळाप्रमाणे चालणारं काहीतरी होतं.

इथे आणखी एक खड्डा लागला. नेटवरचा प्रत्येक जुना धडा सांगतो की मेलच्या नोंदींची मेल डॉट लॉग ही फाइल बघा. डेबियन १२ नवीन टाकलं की ती फाइलच नसते, कारण ती लिहिणारा आरसिसलॉग आता मुळात येत नाही. सगळं जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या एकत्र नोंदवहीत, जातं. शिवाय मी बघत होतो पोस्टफिक्सच्या नोंदी, आणि त्यात फक्त रडणं होतं, कारण नव्हतं. कारण सापडलं कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, नोंदींत. जर्नल वाचायच्या ‘जर्नलसीटीएल’ला ‘के’चा पर्याय देऊन ‘आउट ऑफ मेमरी’ शोधलं, तर एकाखाली एक त्याच वेळांच्या ओळी: किल्ड प्रोसेस, कंसात क्लॅमडी, म्हणजे क्लॅमएव्हीचा सतत चालू असणारा भाग.

झालं होतं असं. क्लॅमडी व्हायरसच्या खुणांचा सगळा साठा रॅममध्ये घेऊन बसतो, त्यातच एक जीबीच्या वर जातात. नवा साठा आला की तो जुना चालू ठेवून शेजारी नवा भरतो, म्हणजे तेवढा वेळ जागा दुप्पट लागते. माझ्याकडे होते २ जीबी आणि स्वॅप (रॅम भरली की डिस्कवर वापरायची जागा) शून्य. रोजचा ताजा साठा आमच्याकडे उतरायचा दुपारी. कर्नलला जागा पुरेना, की तो सगळ्यात जाडजूड प्रोसेस उचलून मारायचा. क्लॅमडी मेला की मेल तपासणार कोण? मग पोस्टफिक्स आणि क्लॅमडी यांच्यामधला दुवा असलेला मिल्टर प्रत्येक मेलला ‘नंतर या’ म्हणायचा.

बाहेरून येणारी मेलं यात हरवली नाहीत, हे नंतर कळलं. समोरचा सर्व्हर ४५१ ऐकून मेल आपल्या रांगेत ठेवतो आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स स्वतः तर डीफॉल्टने ५ दिवस चिकाटी धरतो. बोंब झाली ती फक्त आमच्या लोकांची, कारण आउटलुक किंवा थंडरबर्ड ४५१ सरळ माणसाच्या तोंडावर मारतात.

उपाय एका संध्याकाळीत झाला. २ जीबीची स्वॅप फाइल केली आणि क्लॅमडीच्या कॉन्फिगमध्ये ‘कॉन्करंट डेटाबेस रीलोड’ला ‘नो’ केलं. आता नवा साठा भरताना तपासणी थोडा वेळ थांबते, पण रॅम दुप्पट लागत नाही. पुढच्या महिन्यात मालकांना ती चलनवहीच दाखवली आणि ४ जीबी मंजूर करून घेतले. पहाटेचा क्रॉन काढून टाकला. त्यानंतर क्लॅमडी एकदाही मेलेला नाही. तो खरोखर हवाच आहे का, हा प्रश्न वेगळा. अकरा महिन्यांत त्याने पकडलेली मेलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. पण पुण्याच्या गिऱ्हाइकाच्या ऑडिटमध्ये ‘मेलवर अँटिव्हायरस आहे का’ असा रकाना असतो, तेव्हा राहू दे.

दुसरं प्रकरण डवकॉटचं. पाचव्या महिन्यात एकट्या काकांची इनबॉक्स उघडेना, बाकी ३७ जणांचं सुरळीत. त्यांच्या पेटीत लाखाच्या वर मेलं, कारण काका काही म्हणता काही डिलीट करत नाहीत. लॉगमध्ये आयमॅपची (पेटीतली मेलं वाचायला देणारी) प्रोसेस ‘एरर ८३’ने पडल्याची नोंद होती, आणि पुढे चक्क लिहिलेलं: व्हीएसझेड लिमिट (प्रोसेसला मिळणाऱ्या मेमरीची मर्यादा) २५६ एमबी आहे, वाढवावी लागेल. मेलची माहिती चटकन मिळावी म्हणून ठेवलेली कॅश फाइल फुगली की प्रोसेस या मर्यादेला धडकते. मर्यादा ५१२ केली, कॅश फाइल काढून टाकली, ती डवकॉट पुन्हा बनवतो. दहा मिनिटांचं काम. स्वतःचा आजार सांगून औषधही लिहून देणारं सॉफ्टवेअर मला फार आवडतं.

तिसऱ्या वेळी क्रॅश नव्हताच. डिझाइनवाल्याची ८ एमबीची ड्रॉइंग जाईना, त्याने ‘सर्व्हर डाउन’ म्हणून गटावर टाकलं. पोस्टफिक्सची डीफॉल्ट मर्यादा १,०२,४०,००० बाइटची आहे आणि जोडलेली फाइल मेलमध्ये जाताना साधारण एक तृतीयांशाने फुगते. मर्यादा वाढवली, विषय संपला.

खुद्द पोस्टफिक्सबद्दल लिहायला फार काही नाही, हीच त्याची तारीफ. वित्से वेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना बनवलेला आणि १९९८ मध्ये बाहेर आलेला हा सर्व्हर म्हणजे एक मुकादम आणि त्याच्या हाताखाली छोटे छोटे कामगार. एखादा कामगार पडला तर मुकादम दुसरा उभा करतो, आणि मेल डिस्कवर लिहून झाल्याशिवाय समोरच्याला ‘मिळालं’ म्हणत नाही. रीस्टार्टच्या त्या सगळ्या दिवसांत मी ज्याला शिव्या दिल्या तो हाच, आणि अकरा महिन्यांत एकदाही न पडलेलाही हाच.

कुणी विचारलं तर मी घ्या म्हणेन, पण क्लॅमएव्ही हवा असेल तर ४ जीबीच्या खाली जाऊ नका. पोस्टफिक्सला पाचपैकी पाच, डवकॉटला साडेचार. तो अर्धा का कापला? डेबियन १३ मध्ये डवकॉट २.४ आहे आणि त्याची कॉन्फिग २.३ पेक्षा इतकी बदललीय की जुनी फाइल तशीच उचलून नेली तर तो सुरूच होत नाही. ते काम दिवाळीवर ढकललंय. भट्टी बंद असते, आणि काका गावाला गेलेले असतात.