लेन कोव्ह की बॉबिन हेड? आजी-आजोबा, पोरं आणि डबे घेऊन सिडनीत एक दिवस

इंडियाहून आईबाबा आले की पहिले दोन वीकेंड ऑपेरा हाऊस आणि ब्लू माउंटन्समध्ये जातात, आणि तिसऱ्या शनिवारी सकाळी प्रश्न येतो की आता कुठे, लांब नको, फार चालायला नको, पण नदीकाठी झाडीत सतरंजी टाकून डबे उघडता आले पाहिजेत. आमच्याकडे याची दोनच उत्तरं आहेत, लेन कोव्ह नॅशनल पार्क नाहीतर कु-रिंग-गाय चेस या दुसऱ्या नॅशनल पार्कमधलं बॉबिन हेड, आणि त्यावरून दर वेळी घरात दोन पार्ट्या पडतात. दोन्हीकडे बऱ्याचदा जाऊन आलोय, त्यामुळे आता जरा अधिकाराने सांगते.

आधी रस्ता, कारण मागच्या सीटवर कोण बसलंय त्यावर अर्धा निर्णय होतो. आम्ही पश्चिम सिडनीतल्या वेस्टमीडकडचे, लेन कोव्हला अर्धा तास पण लागत नाही, एम टू मोटरवेवरून उतरलं की आलंच. जाताना डेल्ही रोड लागतो आणि पार्कच्या कॅरव्हॅनवाल्या बाजूला चक्क प्लासी रोड आहे, सासरे दर वेळी पाटी बघून म्हणतात, "यांनी इथेपण क्लाइव्हला सोडलं नाही." बॉबिन हेडला चाळीसेक मिनिटं, पण शेवटचा उतार सगळा वळणावळणाचा, आणि आमच्या धाकट्याला तिथे हमखास मळमळतं, म्हणून निघताना त्याला पोटभर पोहे देऊ नका हा अनुभवाचा सल्ला. गाडी नसेल तर विषयच संपला, लेन कोव्हला नॉर्थ राइड मेट्रोवरून चालत तरी जाता येतं, बॉबिन हेडला म्हणजे माउंट कुरिंगगाय स्टेशनवर उतरून जंगलातनं खाली उतरायचं, आणि संध्याकाळी तोच चढ परत.

गाडीची एंट्री लेन कोव्हला ८ डॉलर, बॉबिन हेडला १२. माणशी नाही, गाडीमागे, त्यामुळे सेव्हन सीटर भरून नेली की मनाला बरं वाटतं. वर्षातून चार-पाच वेळा जाणार असाल तर वार्षिक पास बघा.

आता बसायची सोय. इथे लेन कोव्ह सरळ जिंकतं. फुलर्स ब्रिजजवळ नदीला बंधारा घातलाय, त्याच्या वरच्या बाजूला पाणी संथ, गोडं, दोन्ही काठांनी निलगिरीची झाडं, आणि गवत सपाट. गाडी लावली की काही ठिकाणी पंधरा पावलांवर टेबल, गुडघेदुखीवाल्या माणसाला आणखी काय पाहिजे. रो बोट भाड्याने मिळते, पोरं त्यात तासभर गोल गोल फिरत बसतात आणि आपण चहा पितो. पंधरा-वीस जणांचा ग्रुप असेल तर आधी जागा बुक करता येते, ती कराच. आम्ही एकदा "एवढ्या लवकर कोण येतंय" म्हणून साडेअकराला पोचलो होतो, आणि शेवटी पुरणपोळ्या गाडीच्या बॉनेटवर खाल्ल्या.

आणि खाणं उघडं ठेवू नका प्लीज. कुकाबरा नावाचा पक्षी फांदीवर असा गरीब चेहरा करून बसतो की पोरं त्याचे फोटो काढत राहतात, आणि एका झेपेत दिराच्या हातातला कबाब गेला. गेला तो गेला, वर त्याने तो फांदीवर आपटून आपटून नीट मारला, सरडा किंवा साप मारतात तसा, मगच गिळला. दीर अजून त्या कबाबाबद्दल बोलतात. ब्रश टर्की नावाचे मोठे रानपक्षी पण फिरत असतात, ते पिशव्या उचकतात.

एवढं सगळं वाचून तुम्ही म्हणाल मग बॉबिन हेडला जायचंच कशाला. मी पण हेच म्हणायचे. मग दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना घेऊन गेलो, त्या मूळच्या दापोलीकडच्या. तिथे कावन क्रीकच्या काठाने तिवरांमधून लाकडी पूल टाकलाय, आणि आम्ही गेलो तेव्हा नेमकी ओहोटी. चिखलातून वर आलेली तिवरांची बोटं बोटं मुळं, तो खारट कुजका वास, आणि चिखलात शेकडो भोकं, प्रत्येक भोकाशी एक छोटा खेकडा जांभळट नांग्या हलवत. आपण पाय आपटला की सगळे एकदम आत. सासूबाई कठड्याला धरून ओणव्या झाल्या आणि म्हणाल्या, "अगं ही तर आपली खाडीच की!" मग पाऊण तास तिथून हलल्या नाहीत, नातवंडांना खेकडा मागून कसा धरायचा ते हवेतच हात करून शिकवत होत्या (धरू मात्र नका, नॅशनल पार्क आहे). ज्या बाईला गुडघ्यामुळे कुठेच यायचं नव्हतं ती शेवटी आम्हाला म्हणाली, थांबा जरा.

पण हे सगळं ओहोटीवर आहे. भरतीला गेलात तर पूल, पाणी आणि झाडं, बस. तेव्हा निघायच्या आधी भरती-ओहोटीची वेळ बघून निघा. तिथेही मोठं लॉन आहे, झोपाळे-घसरगुंडी आहे, बोटी लागलेल्या दिसतात, कॅफे आहे, फक्त सुट्टीच्या दिवशी पार्किंग लवकर भरतं. फोनला रेंज मिळेलच असं धरू नका, ग्रुपवर लोकेशन घरूनच टाका. टीनएजर असतील तर त्यांच्यासाठीपण बॉबिन हेड बरं, चढउताराचे ट्रॅक आहेत, दमतात आणि परतताना गाडीत झोपतात. लेन कोव्हमधूनही सिडनी ते न्यूकॅसल हा २५० किलोमीटरचा ग्रेट नॉर्थ वॉक जातो, पण आमच्यातलं कोणी त्यावर अर्ध्या तासाच्या पुढे गेलेलं नाही.

कुत्रा न्यायचा असेल तर दोन्ही विसरा. पोहायचंही दोन्हीकडे विसरा. गवतात बसून आलात की पोरांच्या कानामागे, मानेवर टिक (गोचीड) चिकटलीय का ते घरी आल्यावर बघा. उन्हाळ्यात फायर बॅन असेल त्या दिवशी जाळ पेटवता येत नाही आणि कधी कधी पार्कच बंद असतं, १९९४ च्या आगीत लेन कोव्हचा बराच भाग जळला होता, त्यामुळे तिथे कोणी गंमत करत नाही.

म्हणजे पाळण्यातलं बाळ, मोठा ग्रुप, भरपूर डबे किंवा उशिरा उठणारी मंडळी असतील तर लेन कोव्ह. एकच गाडी, सकाळी लवकर निघायची तयारी, आणि घरात कोणी कोकणातलं असेल तर बॉबिन हेड. या शनिवारी ओहोटी साडेदहाला आहे, सासूबाईंनी कालच विचारून ठेवलंय.