लंडनची जागल: 'द स्क्रीमिंग स्टेअरकेस' गावात वाचताना

जोनाथन स्ट्राउडच्या 'द स्क्रीमिंग स्टेअरकेस' या इंग्रजी कादंबरीतलं ('लॉकवुड अँड को.' या पाच पुस्तकांच्या संचातली ही पहिली) भूत आपल्याकडच्या आठवी-नववीच्या पोरांना फार समजावून सांगावं लागत नाही. लोखंडाला ते भितं, मीठ त्याला सोसत नाही, वाहतं पाणी त्याला ओलांडता येत नाही. बाळंतिणीच्या उशाशी ठेवलेला विळा आणि दृष्ट काढतानाचं मीठ-मोहरी ज्या घरांत रोजचं आहे, तिथं हे नियम पहिल्या वाचनातच पटतात. अडतो तो विनोद. आणि हे पुस्तक निम्मं विनोदावर उभं आहे. तो सुटला तर हातात उरते एक बरीशी भूतकथा, ज्यासाठी चारशेच्या घरातली इंग्रजी पानं वाचायची गरज नाही.

मांडणी अशी. इंग्लंडमध्ये पन्नासहून जास्त वर्षं भुतांचा सुळसुळाट आहे. ती फक्त मुलांना नीट दिसतात, ऐकू येतात. वय वाढलं की ही शक्ती जाते. म्हणून भुतं निस्तरणाऱ्या एजन्स्या निघाल्यात. रात्री जिवावर उदार होतात ती पोरं, देखरेख आणि हिशेब मोठ्यांकडे. लॉकवुड, जॉर्ज आणि गोष्ट सांगणारी ल्यूसी यांची एजन्सी तेवढी वेगळी, तिच्यात मोठं माणूसच नाही. गावातला वाचक इथं जो प्रश्न विचारतो, तोच कादंबरीचा गाभा: "भूत दिसते पोरायले, अन् पैसे मोजते मोठे, असं काहून?" तुरीच्या शेतात रानडुकरं हाकायला जागलीला गेलेल्या पोराला काठी घेऊन रात्रभर उभी राहणारी लंडनची लहान पहारेकरी मुलं लगेच ओळखू येतात. थंडी, झोप, तुटपुंजा पैसा, सगळं तेच.

आता विनोदाचं. लॉकवुडचा सूर कोरडा आहे. घर पेटलं तरी तो पाहुण्यांच्या चहाला उशीर झाल्यासारखा बोलतो. इंग्रजी धड्यांच्या सवयीनं वाचणारी पोरं त्याचं प्रत्येक वाक्य खरं धरतात, मग तो त्यांना फुशारकी मारणारा किंवा येडा वाटतो. उपाय एकच. त्याचं बोलणं प्रमाण मराठीत न आणता वऱ्हाडीत आणायचं. बैल विहिरीत पडला तर "पाणी प्याले गेला असंन" म्हणणारा माणूस प्रत्येक गावात असतो, लॉकवुड तोच. भंडारा-गडचिरोलीकडच्या वाचकांना हे आणखी सोपं जातं. झाडीपट्टीच्या नाटकात रडारडीच्या प्रवेशाला लागून विनोदी पात्र येतं आणि पुन्हा रडवणारा प्रवेश येतो. इथंही भिंतीआडचं प्रेत आणि बिस्किटं कोणी किती खायची यावरचं भांडण अशीच शेजारी बसतात.

पहिली मोहीम हा या पुस्तकाचा सगळ्यात पक्का भाग, आणि 'काय चुकतं, का चुकतं' याचा धडाच. जॉर्जची जुन्या कागदांतली चौकशी पुरी होण्याआधीच लॉकवुड आणि ल्यूसी भुताच्या घरी जातात. जॉर्जला सोबत नेत नाहीत. लोखंडी साखळ्या नाहीत, नुसता लोखंडाचा कीस आहे. साखळीचं कडं जागचं हलत नाही, कीस मात्र धक्क्यानं विखुरतो आणि रिंगण तुटतं. मग मॅग्नेशियमचा बार, म्हणजे भडका उडवणारा फटाकाच, टाकावा लागतो, भुतासोबत घरही पेटतं आणि साठ हजार पाउंडांच्या भरपाईचा तगादा मागे लागतो. पुढची सगळी कथा या बिलामुळे हलते. कर्ज फेडायला जोखमीचं काम अंगावर घेणं हे विदर्भात कुणाला उलगडून सांगावं लागत नाही. मोठ्या वयाचे वाचक याच ठिकाणी पुस्तकात रमतात.

(शिक्षकांसाठी एक गोष्ट. मॅग्नेशियमची फीत प्रयोगशाळेत पाहिलेली पोरं तो बार करून पाहायची भाषा करतात. जळत्या मॅग्नेशियमवर पाणी टाकलं की हायड्रोजन सुटून आग भडकते. कोरडी वाळू जवळ हवी, आणि फीत पोरांच्या हाती नको.)

वाचायची रीत. सुरुवात शेवटच्या पानांपासून करायची, तिथं शब्दसूची आहे. टाइप वन, टाइप टू हे भुतांचे प्रकार, 'सोर्स' म्हणजे भूत ज्या वस्तूला बांधलेलं असतं ती वस्तू, 'घोस्ट-लॉक' म्हणजे भुतासमोर माणसाची हिंमत गोठणं, एवढं आधी कळलं की पहिली तीस पानं अडखळत नाहीत. मग घराचा नकाशा फळ्यावर काढायचा. आपली घरं अंगण, ओसरी, माजघर अशी आडवी पसरलेली; तिथलं घर तळघर, जिना, मधला टप्पा, पोटमाळा असं उभं. भूत नेमकं कुठं आहे हे न कळल्यानं भीती वाया जाते, असं कितीदा तरी होतं. रेपियर म्हणजे तलवार, पण पट्ट्यासारखी रुंद नाही. सळईसारखी बारीक, टोचायची.

मोठ्यानं वाचायचं असेल तर एका बैठकीला बारा पानं पुरे. पानावर अडीचशे शब्द आणि मिनिटाला दीडशे हा वेग धरला तर नुसत्या वाचनाला वीस मिनिटं लागतात, अर्थ सांगत गेलं की चाळीस. आठवड्यात तीन बैठका धरल्या तरी अख्ख्या पुस्तकाला अकरा-बारा आठवडे जातात. सोयाबीन निघाल्यावर, दिवाळीनंतर सुरू करावं. दहावीच्या पोरांना या वर्षी नकोच. नाहीतर पहिला भाग आणि कर्ज फेडायला घेतलेलं काम ज्या हवेलीत घडतं तो भाग मोठ्यानं, मधलं ज्याचं त्यानं.

दुसऱ्या भागात कथा एकदम मागे जाते, आणि निम्मे वाचक इथं पुस्तक खाली ठेवतात. "आत्ता तं घर जळत होतं, आता हे काय?" पान उलटण्याआधी 'आता ल्यूसीची मागची गोष्ट' एवढं सांगून टाकावं. पुस्तक खाली ठेवावं असा भाग नाही तो. सात बहिणींतली धाकटी, आई लोकांचे कपडे धुणारी, मोठ्या माणसाच्या भित्रेपणानं सोबती गमावलेली ही पोरगी एकटी शहरात येते. मुली पुस्तकाला चिकटतात त्या या पानांवर.

तक्रारी खऱ्या आहेत. मधला शंभरेक पानांचा पट्टा सैल आहे. हवेलीच्या मालकाच्या मनात काय आहे, हे चलाख वाचक वेळेआधी ओळखतो. ल्यूसी जॉर्जच्या जाडेपणावर इतक्यांदा घसरते की ते हसू शिळं होतं. वर्गात एखादं जाड पोर असेल तर वाचणाऱ्यानं ती वाक्यं सरळ गाळावी. बरणीतल्या बोलक्या कवटीबद्दल ऐकून जे हे पुस्तक मागतात तेही हिरमुसतात, कारण ती इथं शेवटाकडं तोंड उघडते. तिचा खरा धुमाकूळ दुसऱ्या पुस्तकात.

यानं पोरं भुताखेतांवर विश्वास ठेवतील, असं काही पालक म्हणतात. पुस्तक आलं 2013 साली, आपला जादूटोणाविरोधी कायदाही त्याच वर्षीचा. कादंबरीत बाबा, अंगारा, नवस काही नाही. परवाने आहेत, प्रमाणपत्रं आहेत, सरकारी खातं आहे, बिलं आहेत. भूत इथं डेंग्यूच्या डासासारखं हाताळलं जातं. पोरांना हा नियमांचा खेळ आहे हे कळतं. न कळलेले मोठेच जास्त भेटतात.

मोबाईलवर यावरची मालिका पाहून आलेल्यांनी जपून. नेटफ्लिक्सवर 2023 मध्ये आठ भाग आले, त्यात पहिल्या दोन पुस्तकांचा ऐवज वापरला आणि एका हंगामातच ती बंद झाली. कथा पुरी होते ती पाच पुस्तकांतच, शेवटचं 2017चं. मालिकेत ल्यूसीचा कडवट निवेदनाचा आवाज बराचसा जातो, म्हणजे विनोदाचा मोठा वाटा जातो.

ग्रंथालयासाठी घ्यायचं तर पहिल्याच्या दोन प्रती, दुसऱ्याची एक. बाकीची मागणी आल्यावर. जाड, डिंकानं चिकटवलेली बांधणी टिनाच्या छपराखालच्या लोखंडी कपाटात मे महिना काढत नाही, कणा सुटतो. आल्याबरोबर दोऱ्यानं टाचून खाकी कव्हर घालावं. सुटतात ती आधी शेवटची पानं, म्हणजे नेमकी शब्दसूची. ती एका वहीत अर्थासकट उतरवून ठेवावी आणि वही पुस्तकासोबतच द्यावी.