सेकिरो : इशिन भारी की आपला नायक?

हा वाद ‘सेकिरो’इतका (२०१९) चोख दुसरा कुठलाच गेम मिटवत नाही. ताकदीत इशिन, म्हणजे गेमचा शेवटचा बॉस (मोठा शत्रू), सरळसरळ वरचढ: आधी गेनिचिरो या दुसऱ्या शत्रूशी लढा, मग इशिनचे स्वतःचे तीन टप्पे. पण एल-वन (प्लेस्टेशन कंट्रोलरवरचं बचावाचं बटण) वेळेवर दाबून वार परतवला की त्याचाच तोल ढळतो. आधी त्याचं रक्त (जीव) कमी करा, मग त्याला तोल सावरायला वेळ लागतो. शेवटच्या टप्प्यात त्याने विजेचा वार केला की उडी मारा, ती वीज हवेतच अंगावर घ्या आणि पाय टेकायच्या आत आर-वन (वाराचं बटण) दाबा, म्हणजे ती त्याच्यावरच उलटते. जमिनीवर लागली तर जबर फटका. पैसे वसूल लढत! वाशीत एखाद्या गेमिंग पार्लरमध्ये खेळणार असाल तर टीव्हीचा गेम मोड (चित्र लगेच दाखवणारी सेटिंग) चालू करून घ्या. नाहीतर चित्र उशिरा दिसतं, बचाव हुकतो आणि खापर बॉसच्या ताकदीवर फुटतं.