बी-वर्गाचा ग्लायडर आणि चौकोनी रिझर्व्ह : पूर्ण मोसम वापरल्यानंतर

गेल्या सप्टेंबरात घेतलेला पॅराग्लायडिंगचा संच आता पावसाळ्यासाठी आवरून ठेवतोय. ग्लायडर इएन-बी, म्हणजे युरोपीय सुरक्षा चाचणीतल्या बी-वर्गाचा. त्या वर्गाच्या मधोमध बसणारा, हाय-बी (वर्गाच्या वरच्या टोकाचा) नव्हे. हार्नेस बसून उडायचं, पाठीखाली फोमचं प्रोटेक्टर आणि सीटखाली रिझर्व्हचा, म्हणजे संकटकाळच्या पॅराशूटचा, कप्पा. रिझर्व्ह चौकोनी, १२० किलोपर्यंतचं. सगळं सामान धरून माझं वजन ९५ किलो आणि ग्लायडरची मर्यादा ८० ते १००, म्हणजे मी वरच्या टोकाकडे आहे. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की बोलणं कंपनीवर जातं, आणि पुढे जे सांगतोय ते या वर्गातल्या बहुतेक ग्लायडरना लागू आहे.

ग्लाइड किती मिळतो, थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेत) कसा वळतो, यावर भरपूर लिहिलेलं सापडतं. मला सांगायचंय ते हवेत ग्लायडर मोडतो तेव्हा काय होतं त्याबद्दल. माझं ठाम मत असं झालंय की असा ग्लायडर बहुतेक वेळा स्वतःच सावरतो आणि किरकोळ प्रसंगाचा मोठा प्रसंग करतात ते पायलटचे हात. हे वाचून मान डोलावणं सोपं असतं. ते हातांना कळायला मला तुर्कस्तानात ओलुदेनिझला जावं लागलं.

आधी त्या ‘बी’ अक्षराबद्दल. इएन ९२६-२ या चाचणीत टेस्ट पायलट मुद्दाम कोलॅप्स घडवतो, म्हणजे ग्लायडरचा काही भाग दुमडून पाडतो, आणि मग हात न लावता ग्लायडर काय करतो ते बघतो. मोठा कोलॅप्स झाल्यावर उघडेपर्यंत ग्लायडर ९० अंशांच्या आत वळला तर तो ए-वर्गाचा गुण, ९० ते १८० अंश वळला तर बी. आता हाच आकडा कामशेतच्या धारेवर ठेवून बघा. आपण डोंगर डाव्या हाताला ठेवून जातोय, डावी बाजू कोसळली आणि ग्लायडर १८० अंशांच्या निम्मा जरी वळला तरी समोर दगड आहे. ग्लायडरने प्रमाणपत्रात लिहिलंय तेवढंच केलेलं असतं, त्याची काही चूक नसते. म्हणून डोंगराजवळ पहिलं काम दिशा सांभाळायचं. पडलेला भाग उघडायचं काम नंतरचं.

ओलुदेनिझला ऑक्टोबरात गेलो. बाबादाग डोंगर समुद्रसपाटीपासून १९६९ मीटर, टेकऑफ १७०० ते १९०० मीटरच्या आसपास आणि खाली थेट समुद्र. २०२१पासून वर जायला केबल कार आहे. एवढी उंची हाताशी असली की एकाच उड्डाणात बरेच प्रयोग होतात आणि घाई करावी लागत नाही. अंगात लाइफ जॅकेट, कानात प्रशिक्षकाचा आवाज, खाली बोट. एसआयव्ही म्हणजे हवेतल्या संकटांची रंगीत तालीम, आणि ती पाण्यावर, उंचीवर आणि प्रशिक्षकाच्या नजरेखालीच करायची. व्हिडिओ बघून आपल्या नेहमीच्या जागी स्टॉल (ग्लायडरचं उडणंच थांबवणं) करून बघणारे पायलट मी पाहिले आहेत. कोणी तसं करायच्या बेतात असेल तर हात जोडून सांगतो, करू नका.

एका बाजूचा कोलॅप्स: ए-रायझर (पुढच्या दोऱ्यांचा पट्टा) सरळ खाली ओढला की निम्मा ग्लायडर एका क्षणात चिंधीसारखा लोंबतो आणि सीट त्या बाजूला धसकते. शरीर आपोआप पडलेल्या बाजूला झुकतं, आणि नेमकं तेच चुकीचं. वजन उघड्या बाजूला न्यायचं, त्याच बाजूचा ब्रेक (मागची कड खाली ओढणारी दोरी) दिशा टिकेल इतकाच धरायचा. त्याहून खोल ओढला तर उरलेला अर्धा भागही स्टॉल होतो आणि ग्लायडर गर्रकन फिरतो. दिशा सावरल्यावरच पडलेल्या बाजूला एक लांब, पूर्ण पंप मारायचा, म्हणजे ब्रेक खोल ओढून सोडायचा. माझ्या ग्लायडरवर बहुतेक वेळा पंपाची वेळच आली नाही, वजन टाकेपर्यंत तो फडफडत भरलेला असायचा. स्पीडबारवर (पायाने दाबून वेग वाढवायची दांडी) असताना हाच कोलॅप्स बराच जोरदार येतो. तिथे सगळ्यात आधी बार सोडायचा, बाकी सगळं त्यानंतर. समोरून कोसळला, म्हणजे फ्रंटल, तर हात वर. ब्रेक धरून ठेवला तर तो भरायच्या ऐवजी मागे लटकतो.

आता फुल स्टॉल, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याच्याबद्दल आहेत. दोन्ही ब्रेक सीटखाली नेऊन धरले की वाऱ्याचा आवाज हळूहळू बंद होतो, ब्रेकवरचा दाब एकदम हलका होतो आणि ग्लायडर पाठीमागे निघून जातो. आपण उताणे पडल्यासारखे मागे जातो. या क्षणी मन ओरडून सांगतं की हात सोड. सोडले, तर मागे गेलेला ग्लायडर भरून समोर झेप घेतो आणि पायलटच्या पायांखालीही जाऊ शकतो. पायलट त्याच्यातच कोसळण्याचा धोका असतो. म्हणून हात घट्ट खाली. ग्लायडर डोक्यावर येईपर्यंत थांबायचं. मग दोन्ही हात सारखेच, सावकाश, खांद्याच्या थोडे वर आणायचे. मधला भाग भरतो, टोकं मागे वळलेली राहतात आणि ग्लायडर थरथरत डोक्यावर बसतो. याला बॅकफ्लाय म्हणतात. इथे मला पहिल्यांदा लक्षात आलं की या अवस्थेत वेळ असतो. बघता येतं, श्वास घेता येतो. इथून हात सावकाश वर, ग्लायडर पुढे झेपावला की एक छोटा ब्रेक, आणि परत सरळ उड्डाण. माझ्या ग्लायडरची झेप सौम्य आहे. दाब हळूहळू वाढत जातो आणि स्टॉलच्या आधी हाताला स्पष्ट जाणीव देतो. या ग्लायडरचं मला सगळ्यात आवडलेलं वैशिष्ट्य हेच.

हातावर ब्रेकचा वेढा घेऊन उडण्याची सवय असेल तर ही जाणीव हरवते. हात सवयीच्या जागीच असतो, पण कापड मात्र बरंच खाली ओढलेलं असतं. तसंच ‘ब्रेक जरा ढिले वाटतात’ म्हणून ब्रेकची दोरी आखूड करून घेणारे बरेच भेटतात. हात पूर्ण वर असताना ब्रेकच्या दोरीला जो थोडा पोक असतो, तो कंपनीने विचार करून ठेवलेला असतो. तो काढला तर स्पीडबार दाबल्यावर ग्लायडर सतत ब्रेकमध्ये राहतो.

स्पायरल, म्हणजे गोल फिरत वेगाने खाली उतरणं, त्याबद्दल थोडक्यात. सेकंदाला १५ मीटर वेगाने उतरताना २० सेकंदांत ३०० मीटर संपतात. शरीरावर तिप्पट-चौपट वजन येतं आणि नजर कडेने काळी व्हायला लागते. पोट आणि पाय आवळायचे, श्वास चालू ठेवायचा. बाहेर पडताना एकदम सोडायचं नाही. बाहेरचा ब्रेक आणि वजन हळूहळू देत एक-दोन वळणांत वेग उतरवायचा, नाहीतर ग्लायडर वर फेकला जातो आणि स्वतःच्याच खवळलेल्या हवेतून पुढे जातो. माझा ग्लायडर तीव्र स्पायरलमध्ये स्वतःहून बाहेर येत नाही, तसाच फिरत राहतो. सांगितल्यावर निमूट येतो, पण सांगावं लागतं. नवीन घेणाऱ्याने हे आधी समजून घ्यावं.

रिझर्व्ह शेवटच्या दिवशी फेकलं. उंची हाताशी असताना, आदेशावर. बघ, पकड, ओढ, फेक, हा क्रम जमिनीवर पाठ होता. हवेत कळलं की ‘बघ’ हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, कारण घाईत हात हार्नेसच्या पट्ट्यावरच चाचपडतो. हँडल ओढल्यावर पिशवी बाहेर येते आणि क्षणभर हातातच राहते. ती पूर्ण ताकदीने मोकळ्या हवेत भिरकावून हँडल सोडायचं असतं. उघडायला क्षणच लागले. ब्रायडल (रिझर्व्हचा जोडपट्टा) खांद्यांना जोडलेला असल्यामुळे शरीर उभं झालं. मग लगेच ग्लायडर आत ओढायला लागलो, कारण तो स्वतः भरून रिझर्व्हच्या विरुद्ध दिशेला उडायला लागला तर दोघं मिळून खाली खेचतात. चौकोनी रिझर्व्ह निवडायचं कारण असं. वळवता येणारं रोगॅलो प्रकारचं रिझर्व्ह उत्तम असतं, पण त्यासाठी ग्लायडर आधी निकामी किंवा वेगळा करावा लागतो. संकटात मला एक काम कमी हवं होतं. झोके जवळजवळ नव्हते. जुन्या गोल रिझर्व्हवर उतरलेल्यांकडून झोक्यांबद्दल जे ऐकलं होतं त्या मानाने हे फारच शांत.

समुद्राच्या पाण्यातून काढल्यावर सगळं गोड्या पाण्यात खळखळून धुवावं लागतं, सावलीत वाळवावं लागतं. कॅराबिनरच्या स्प्रिंगांमध्ये मीठ राहतं, तिकडे खास लक्ष द्यावं.

याच रिझर्व्हची एक तक्रार आहे, आणि ती बसवून देणाऱ्याची. खरेदीनंतर हार्नेस दोरीने आढ्याला टांगून मी हँडल ओढून बघितलं. हँडलपासून पिशवीपर्यंतची पट्टी इतकी आखूड बसवली होती की पिना निघायच्या आधीच पिशवीवर ताण येत होता. म्हणजे खऱ्या वेळी कितीही जोर लावला असता तरी कप्पा उघडला नसता. हार्नेस आणि रिझर्व्ह दोन्ही उत्तम, जोडी मात्र जुळवलेली नव्हती. प्रत्येक नवीन जोडणीनंतर टांगून, बसून, हातमोजे घालून ओढून बघणं हे खरेदीचाच भाग समजा. दुकानदार ‘सगळं तपासलंय’ म्हणाला तरीही.

हिमाचलातल्या बीरला नोव्हेंबरात गेलो. बिलिंगचा टेकऑफ साधारण २४०० मीटरवर आणि मागे धौलाधार. तिथे लवकर खाली येण्यासाठी बिग इअर्स खूप वापरले. बाहेरची ए-दोरी ओढून टोकं दुमडायची आणि मग स्पीडबार. माझ्या ग्लायडरची टोकं दुमडून राहतात, पण फडफडतात, आणि बराच वेळ धरून ठेवलं की हात भरून येतात. ढग ग्लायडरला वर ओढायला लागल्यावर बिग इअर्सवर भिस्त ठेवू नये. ढगाच्या खाली जोर जाणवला की दरीच्या दिशेने निघायचं आणि टोकं लवकरच दुमडायची. उशीर झाल्यावर ते कमी पडतात. बिग इअर्स धरून खोल स्पायरल करू नये, मोजक्या दोऱ्यांवर सगळं वजन येतं.

खरी परीक्षा एप्रिलमध्ये कामशेतला झाली. दुपार टळत होती, खाली शेतात एक वावटळ उठून विरली होती. मी धारेपासून अंतर राखून वळत होतो आणि उजवी बाजू अर्ध्याहून जास्त गेली. ओलुदेनिझच्या आधी मी उजवीकडे वर बघत राहिलो असतो. या वेळी नजर दरीकडे, वजन डावीकडे, डावा हात थोडा खाली. ग्लायडर चतकोर वळला आणि थांबला. एक पंप, आणि फट्कन भरला. उजवं टोक दोऱ्यांत अडकून छोटा क्रॅव्हॅट राहिला होता. स्टॅबिलोची, म्हणजे टोकाकडे जाणारी, दोरी ओढून तो सोडवला. कामशेतच्या धारेवर हाताशी असलेल्या उंचीत स्टॉल करून क्रॅव्हॅट सोडवायचा विचारही करू नये. दोरी ओढून सुटला नाही पण दिशा हातात आहे, तर तसंच उतरावं. ग्लायडर फिरायला लागला आणि थांबत नाही, तर रिझर्व्ह, आणि तेही लगेच. फिरताना एकेक सेकंद दहा-पंधरा मीटर खातो.

देखभालीचं सांगायचं तर रिझर्व्ह दर सहा महिन्यांनी उघडून, हवा देऊन पुन्हा बांधून घेतो. मावळातल्या पावसाळ्यात बांधून ठेवलेलं कापड दमट होतं आणि घड्या एकमेकींना चिकटतात. मागच्या रिपॅकला दोन रबर वाळून तडकलेले निघाले, ते बदलले. टेकऑफच्या आधी पिना आणि हँडल दर वेळी बघायचे. ग्लायडरच्या दोऱ्या मोजून घ्यायचंही ठरवलंय. मागच्या रांगांमधल्या डायनिमाच्या दोऱ्यांवर कमी भार असतो, त्या कालांतराने आकसतात. मग मागची कड खाली ओढलेली राहते, ग्लायडर मंद होतो आणि स्टॉलच्या जवळ उडत राहतो. बाहेरून काहीच दिसत नाही. ज्यांचा ग्लायडर टेकऑफला डोक्यावर यायला आळस करतोय, त्यांनी आधी दोऱ्या मोजाव्यात.

कापडाबद्दल एक नापसंती. वजनाला हलकं आहे, पण कारवीची खुंटं आणि काळा दगड असलेल्या टेकऑफवर खालच्या पृष्ठभागाला पटकन ओरखडे येतात. कामशेतला रोज उडणाऱ्याने जाड कापडाची आवृत्ती मिळत असेल तर तीच घ्यावी.

रिझर्व्हचा आकार कोणता घ्यावा, हे बरेच जण विचारतात. रिझर्व्हसाठीच्या इएन १२४९१ या मानकाप्रमाणे कमाल वजनाला उतरण्याचा वेग सेकंदाला ५.५ मीटरपेक्षा जास्त नसावा. तो वेग म्हणजे साधारण दीड मीटरवरून उडी मारल्यासारखा, तोही पायाखालची जमीन सपाट असली तर. मी ९५ किलोवर १२० चं रिझर्व्ह वापरतो, त्यामुळे हिशेबाने वेग ४.९ च्या आसपास येतो. आणखी मोठं घेतलं तर उघडायला वेळ लागतो आणि उडत राहिलेल्या ग्लायडरशी त्याची ओढाताण वाढते. ज्यांचं सामानासह वजन १०५ च्या वर जातं त्यांनी मात्र पुढचा आकार बघावा, आणि तो आपल्या हार्नेसच्या कप्प्यात बसून सहज निघतो का, ते टांगून ओढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.