दोन वर्षांचं मूल घेऊन चार रात्री: दुबई की सिंगापूर?

मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर प्रेक्षणीय स्थळांची यादी आधी बाजूला ठेवावी. मूल किती वाजता झोपतं, काय खातं आणि त्याला गाडीत कुठे बसवायचं, ही तीन उत्तरं दोन्ही शहरांत वेगवेगळी येतात आणि निवड तिथेच होते. पुढचा हिशोब मुंबईहून निघणाऱ्या, चार रात्रींसाठी जाणाऱ्या कुटुंबाचा आहे.

सगळ्यात आधी महिना. दुबईला लहान मुलासोबत जायचं ते नोव्हेंबर ते मार्च. मे महिन्याच्या सुट्टीत पारा चाळिशीला टेकतो आणि मूल दिवसभर मॉलमध्ये कोंडलं जातं. मिरॅकल गार्डन ही फुलांची बाग आणि ग्लोबल व्हिलेज ही मोठी जत्रा, दोन्ही उन्हाळ्यात बंद असतात. सिंगापूरला ऋतू असा नाहीच. बाराही महिने २५ ते ३२ अंश, दमट हवा, दुपारनंतर गडगडाटासह सरी. नोव्हेंबर ते जानेवारी पाऊस जरा जास्त. ज्या मुलाला घामोळ्यांचा त्रास आहे, त्याला तिथे दिवसातून दोनदा अंघोळ आणि तीनदा कपडे बदलावे लागतील, हे धरूनच बॅग भरा. मे महिनाच मोकळा असेल तर प्रश्न मिटला: सिंगापूर.

आता घड्याळ. याचा विचार फार कमी जण करतात आणि पहिले दोन दिवस त्यातच जातात. दुबई आपल्या दीड तास मागे, सिंगापूर अडीच तास पुढे. घरी सकाळी ७ ला उठणारं मूल दुबईत पहाटे साडेपाचला टक्क जागं होतं, तेव्हा हॉटेलचा नाश्ताही सुरू झालेला नसतो. रात्री ९ ला झोपणारं मूल तिथल्या साडेसातला पेंगतं. दुबई मॉलजवळच्या कारंज्यांचे खेळ संध्याकाळी ६ नंतर दर अर्ध्या तासाने असतात, म्हणून पहिलेच एकदोन गाठायचे. आठचा खेळ ठरवलात तर मूल खांद्यावर झोपलेलं असेल.

सिंगापूरला उलट होतं. मूल साडेनऊला उठतं, सकाळ हातची जाते, पण संध्याकाळ लांबते. नाइट सफारी, म्हणजे रात्रीचं प्राणिसंग्रहालय, सव्वासातला सुरू होते, म्हणजे मुलाच्या पोटातल्या घड्याळात पावणेपाच. गार्डन्स बाय द बे या बागेतल्या उंच कृत्रिम झाडांचा फुकट प्रकाशखेळ पावणेआठला, म्हणजे त्याचा सव्वापाच. चार रात्रींसाठी मुलाची वेळ बदलायच्या भानगडीत पडूच नका. त्याला भारतीय वेळेवर राहू द्या आणि कार्यक्रम त्याभोवती बसवा. या एका बाबतीत सिंगापूर सरस आहे.

विमानात मात्र दुबई जिंकते. तीन-सव्वातीन तास आणि साधारण साडेपाच तास यांत मांडीवरच्या मुलासाठी मोठा फरक आहे. मुंबईहून सिंगापूरची बरीच विमानं रात्रीची असतात आणि सकाळी उतरतात, तर हॉटेलची खोली मिळते दुपारी दोन-तीनला. मधले सहा-सात तास झोप न झालेल्या मुलासोबत काढणं ही या सहलीची सगळ्यात अवघड वेळ. उपाय दोनच: आदल्या रात्रीपासून खोली घ्यायची, किंवा दिवसाचं विमान शोधायचं. सिंगापूरच्या विमानतळाला लागूनच ज्युएल हा मॉल आहे. तिथला ४० मीटरचा धबधबा पाहण्यात दोन तास जातात, सहा जात नाहीत. विमानात बाळासाठी पाळणा हवा असेल तर मोठ्या विमानाचंच तिकीट काढा आणि विमान कंपनीला फोन करून वजनाची मर्यादा विचारा. मधल्या एकाच वाटेच्या छोट्या विमानात पाळणा लावायला जागा नसते.

शहरात फिरताना सिंगापूर पुन्हा पुढे जातं. एमआरटी म्हणजे तिथली मेट्रो, तिच्या स्टेशनांवर लिफ्ट आहेत, बसमध्ये ढकलगाडी न मिटता नेता येते, ९० सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला तिकीट नाही. लिफ्ट प्रत्येक दारापाशी नसते, म्हणून हॉटेल घेताना जवळच्या स्टेशनच्या कोणत्या दाराला लिफ्ट आहे ते नकाशात पाहून घ्या. गाडीत तळ्यातला आणि मळ्यातला नियम आहे: १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला बेबी सीट लागते, भाड्याच्या मीटरवर चालणाऱ्या टॅक्सीला त्यातून सूट आहे, पण ॲपवरच्या खासगी गाडीला नाही. ॲपवर साधी गाडी मागवली की चालक मुलाला पाहून फेरी नाकारतो, कारण दंड त्याला होतो. टॅक्सी घ्या किंवा सीटवाली गाडी निवडा. आणि गाडीत नियम काहीही म्हणो, मूल मांडीवर घेणं धोक्याचंच.

दुबईची मेट्रो स्वच्छ आहे, पाच वर्षांखालच्यांना फुकट आहे, पण ती शहराच्या थोड्याच भागाला शिवते. दुबई मॉल स्टेशनपासून मॉलपर्यंतचा वातानुकूलित पूलच जवळजवळ ८०० मीटर आहे. शेख झायेद हा शहरातला रुंद हमरस्ता पायी ओलांडायचा तर मेट्रोचा पूल गाठावा लागतो, आणि समोर दिसणाऱ्या इमारतीसाठी टॅक्सीला लांबचा वळसा पडतो. मेट्रोत बायका-मुलांचा वेगळा डबा असतो. बाबा त्यात चढले तर दंड, तेव्हा एकत्र राहायचं तर सगळ्यांनी साध्या डब्यात बसावं. चार वर्षांपर्यंतच्या मुलाला गाडीत बेबी सीट २०१७ पासून सक्तीची आहे आणि साध्या टॅक्सीत ती सहसा नसते. ज्यांना दिवसातून तीन-चार टॅक्सी पडणार, त्यांनी घरची सीटच न्यावी. दोन्हीकडे मेट्रोत खाणंपिणं बंद आहे. चढण्याआधी बाळाला पाजून घ्या आणि बिस्किटाचा पुडा आत ठेवा.

खाण्याचं पारडं दुबईकडे झुकतं आणि त्याला कारण आहे स्वयंपाकघर. बर दुबई, करामा, देरा या भागांत हॉटेल अपार्टमेंट भरपूर मिळतात: शेगडी, फ्रिज, बऱ्याचदा कपडे धुण्याचं यंत्र. खाली उतरलं की दुकानात मूगडाळ आणि दही. खिमट, मऊभात, नाचणीचं सत्त्व घरच्यासारखं करता येतं. सिंगापूरमध्ये कुणाचं घर तीन महिन्यांपेक्षा कमी काळासाठी भाड्याने घेणं बेकायदा आहे आणि बहुतेक सर्व्हिस्ड अपार्टमेंट सात दिवसांच्या आत देत नाहीत. चार रात्रींसाठी राहतं ते हॉटेलच, म्हणजे किटली आणि एक छोटा टेबल. त्यासाठी लिटल इंडियात राहावं: सेरंगून रोडच्या आसपास इडली, दहीभात, वरण मिळून जातं. भाजलेल्या तांदूळ-डाळीचा रवा घरून नेला तर झाकणाच्या थर्मासमध्ये उकळतं पाणी ओतून वीस मिनिटांत खिमट फुलतं. दोन चमचे रव्याला एक वाटी पाणी. रवा आधी चांगला भाजलेला आणि बारीक असेल तरच, नाहीतर कच्चा राहतो. दोन्ही शहरांत प्लग तीन चौकोनी पिनांचा, एकच ॲडॅप्टर पुरतो.

बॅगेतली एक गोष्ट मात्र आजीला आधी सांगून ठेवा. खसखस दोन्ही देशांत बंद आहे. डिंकाचे लाडू, अनारसे, खसखस घातलेला मसाला, काहीही नेऊ नका. कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही नको. बाकी औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी.

आमचं मत वयानुसार बदलतं. रांगत नसलेलं बाळ असेल आणि हिवाळा असेल तर दुबई: कमी वेळाचा विमानप्रवास, स्वयंपाकघर, समुद्रकिनाऱ्यावर शांत सकाळ. पायांवर धावणारं, पाणी दिसलं की उडी मारणारं दीड ते तीनचं मूल असेल तर सिंगापूर, थोडं महाग पडलं तरी. गार्डन्स बाय द बेमधली मुलांची बाग फुकट आहे, जमिनीतून पाणी उडतं, सोमवारी बंद असते. बोटॅनिक गार्डनमधली जेकब बॅलस बागही फुकट. मंडाईच्या प्राणिसंग्रहालयात तीन वर्षांखाली तिकीट नाही. खातिब स्टेशनवरून शटल बस मिळते. एका दिवसात एकच जागा, आणि दुपारी खोलीवर परत.

तिकीट काढण्याआधी मुलाचा वाढदिवस पाहा. दोन वर्षं पूर्ण झाली की स्वतंत्र सीट घ्यावी लागते आणि प्रत्येक विमानासाठी त्या दिवसाचं वय धरलं जातं. सहलीतच दुसरा वाढदिवस येत असेल तर परतीचं तिकीट वेगळं. तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट आणि व्हिसा लागतो, पासपोर्ट निदान सहा महिने वैध असावा. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड, म्हणजे प्रवेशाआधी भरायचा ऑनलाइन अर्ज, पोहोचण्याच्या तीन दिवस आधीपासून भरता येतं, बाळाचंही भरायचं, आणि ते फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ उघडलं असेल तर ते सरकारी नव्हे, बंद करा.