फायबरची जुनी बोट: सात महिने पाण्यात काढल्यावर

दिवाळीनंतर बोट पाण्यात उतरवली, मेअखेरीला बाहेर काढली. चौदा फुटी, दोन मालकांच्या हातून फिरून आलेली. आडगावला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मीच ती दुरुस्त केली होती. तेव्हा फोटो बघून सगळ्यांनी वाहवा केली, पण खरा हिशोब आत्ता लागतोय.

फायबर कुजत नाही, त्याच्या पोटातलं लाकूड कुजतं. दुरुस्तीला घेतली तेव्हा इंजिन टांगतात ती मागची भिंत, म्हणजे ट्रान्सम, नाण्यानं वाजवून पाहिली. कडेला टणटण, मधोमध भद्द. आतला थर ग्राइंडरनं कापला तर प्लायवूडच्या जागी भिजवून विसरलेल्या पोह्यांसारखा काळा लगदा. अक्षरशः चमच्यानं काढला. आधीच्या कुणीतरी इंजिनाच्या बोल्टसाठी भोकं पाडून त्यांच्या कडा तशाच उघड्या ठेवल्या होत्या. पाणी तिथूनच मुरलं.

१८ मिमी मरीन प्लायचे दोन तुकडे जोडून बसवले. तिथे इपॉक्सी हे रेझिन (कालवल्यावर घट्ट होणारा चिकट द्रव) वापरलं. बाकी पाय ठेवायची फळी आणि तिच्याखालच्या आधाराच्या पट्ट्यांना साधं पॉलिएस्टर रेझिन आणि ४५०ची (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांची चादर. इपॉक्सी खिशाला लागतं, पण लाकूड आणि जुनं फायबर ते जसं धरतं तसं पॉलिएस्टर धरत नाही. ट्रान्समचा सांधा जागचा हललेला नाही. डाव्या पट्टीवरची मॅट मात्र वीतभर सुटली. त्यात रेझिनपेक्षा माझाच दोष जास्त. त्या कोपऱ्यात ग्राइंडर पोचेना, म्हणून नुसता पॉलिश पेपर फिरवून भागवलं. जुनी चकाकी जाऊन खालचे धागे दिसेपर्यंत घासायला हवं होतं.

दुरुस्ती चालू होती त्या मे महिन्यात भर दुपारी किलोभर पॉलिएस्टर रेझिनमध्ये ते घट्ट करणारा हार्डनर दोन टक्के कालवला आणि सात-आठ मिनिटांत डबा धुमसायला लागला. त्यानंतर पहाटे उठून, पाव किलोचे घाणे, हार्डनर एक टक्का. स्वयंपाकघरातला वजनकाटा यात कायमचा गेला. त्यावरून घरात अजून ऐकून घेतोय. कोबाल्ट (रेझिन घट्ट व्हायचा वेग वाढवणारं रसायन) वेगळा मिळाला तर आधी तो रेझिनमध्ये नीट ढवळायचा आणि मगच हार्डनर घालायचा. दोन्ही थेट एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो, इथे थट्टा नको. तोंडाला रुमाल बांधून चालत नाही, फिल्टरवाला मास्कच हवा.

गंगापूर धरणात (परवानगीसाठी मारलेल्या चकरा हा वेगळाच विषय) २५ हॉर्सपॉवरवर दोघं बसलो की झकास पळते. चौघं बसलो की नांगर ओढल्यासारखी.

बोल्टसाठी आधी भोक मोठं पाडायचं, इपॉक्सीनं बुजवायचं आणि त्यातूनच पुन्हा बोल्टपुरतं भोक पाडायचं, म्हणजे लाकडाला पाणी लागत नाही. वरच्या चारही बोल्टना हे मी मन लावून केलं. खाली पाणी सोडायच्या बुचाला नाही केलं. दिवाळी तोंडावर आली होती. परवा पुन्हा नाणं घेऊन बसलो. बुचाभोवती चार बोटं भद्द.